कलाप्रेम आणि भागीदारी : आदिलाबादच्या ओतकामाच्या निमित्ताने

हस्तकलेवर प्रेम असणे ही एक गोष्ट आणि त्या प्रेमाचा व्यवसाय करणे ही दुसरी. दोघे कलाप्रेमी एकत्र येतात, थोडे भांडवल उभे करतात, खेड्यातील कारागिराकडून वस्तू घेतात आणि शहरात विकतात. ह्या व्यवहारास मोठ्या अभिमानाने भागीदारी म्हटले जाते. परंतु ती कोणाकोणाची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आदिलाबादच्या ओतीव पितळकामाच्या संदर्भात तो विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण त्याच्या उत्तरावर कारागिराची मिळकत तर अवलंबून आहेच, पण वस्तूचे रूपही अवलंबून आहे.

नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा महामार्ग पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो आणि आदिलाबाद शहराला लागून असलेल्या मावल्यावरून पुढे जातो. ह्या सीमाभागात मराठी आजही कानी पडते. गिऱ्हाईक असते ते अशा हमरस्त्यावर. वस्तू घडतात त्या मात्र आत, जंगलपट्ट्यातील उशेगावसारख्या गावांत, ओझा समाजाच्या घरांत. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन ही गावे दुसऱ्या जिल्ह्यात गेली, तरी कलेचे नाव 'आदिलाबाद डोकरा' असेच राहिले आणि २०१८ साली त्याच नावाने तिला भौगोलिक मानांकन मिळाले. रस्ता आणि गाव ह्यांमधील अंतर कोणी आणि कोणत्या अटींवर तोडावयाचे, हाच भागीदारीचा खरा प्रश्न होय.

ह्या कलेची रीत ज्यास ठाऊक नाही, त्यास तिचे मोलही कळणार नाही. प्रथम मातीचा गाभा करावयाचा; त्यावर मधमाशीचे मेण व राळ ह्यांच्या बारीक दोऱ्या हाताने गुंडाळून आकार उभा करावयाचा; वर पुन्हा मातीचा लेप द्यावयाचा. भट्टीत मेण वितळून निघून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत पितळेचा रस ओततात. शेवटी साचा फोडावा लागतो. त्यामुळे एका साच्यातून एकच वस्तू निघते आणि कोणतीही दोन कामे तंतोतंत सारखी नसतात. मोहेंजोदडोची सुप्रसिद्ध नर्तिका ह्याच तत्त्वावर ओतलेली आहे. रस कोठे अडला, लेपाला तडा गेला, तर कित्येक दिवसांची मेहनत एका क्षणात वाया जाते.

गोंडांच्या देवतांच्या प्रतिमा, घंटा, दिवे, पैंजण हे ह्या ओतकामाचे मूळचे क्षेत्र. त्यांत मेणाच्या दोरीची रेघ केवळ नक्षी म्हणून येत नाही. तीच वस्तूचे अंग असते, आणि घडविणाऱ्याचा हात कोठून कोठे फिरला हे तीत स्पष्ट वाचता येते. शहरी मागणीसाठी केलेल्या वस्तूंत ही रेघ पुष्कळदा वरून चिकटविल्यासारखी भासते. हत्ती, मोर, कासव, पुन्हा हत्ती. आकार लहान, अंग जाड, पवित्रा ठरीव. दोष रसिकतेच्या अभावाचा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. बिघडलेल्या ओताचा तोटा ज्याच्या एकट्याच्या माथी येतो, तो मनुष्य धोक्याचे काम हाती घेत नाही. लांब हाताची मूर्ती, पातळ पात्याचा दिवा, नवी कल्पना ह्यांत रस अडण्याची भीती अधिक. व्यापारी केवळ चांगले नग मोजून पैसे देतो. फुटके साचे मोजत नाही. मग कारागीर सावध होतो, आणि त्याचा सावधपणा त्याच्या कलेत उतरतो.

ह्याच्याशी तुलना करण्याजोगे उदाहरण आपल्या कोकणातले आहे. सावंतवाडीची गंजिफा लयास चालली असता शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी ह्यांनी वृद्ध कलावंत पुंडलिक चितारी ह्यांच्याकडून ती विद्या स्वतः शिकून घेतली आणि पुढे राजवाड्यातच लाखकामाची कार्यशाळा चालविली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने, अशी एकंदर १२० पाने असतात. त्यांचे रंगकाम पुन्हा सुरू झाले ह्याचे श्रेय त्या दांपत्याच्या शिष्यत्वास आहे. जो स्वतः कुंचला धरतो, त्यास बिघडलेल्या पानाची किंमत कळते. तथापि हा आश्रय होता, थोर आश्रय, भागीदारी नव्हे. आपल्या देवस्थानांनीही समई घडविणाऱ्या कांसारास आणि पालखी कोरणाऱ्या सुतारास काम दिले, मान दिला. बरोबरीचा हिस्सेदार मात्र मानले नाही. हे आपण प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

तर मग करार कसा असावा? १९३२ च्या भारतीय भागीदारी अधिनियमानुसार वेगळे काही ठरले नसेल, तर नफा आणि तोटा सर्व भागीदारांत समान वाटला जातो आणि कामाबद्दल भागीदारास वेगळा मोबदला मागता येत नाही. शिवाय पेढीच्या कर्जास प्रत्येकाची स्वतःची मालमत्ताही बांधलेली असते. म्हणजे कारागिराचे नाव नुसते कागदावर घातल्याने न्याय होईलच असे नाही. गाठीला काही नसलेल्या माणसास शहरातील कर्जाचा वाटेकरी करणे हा उलट अन्यायच. त्याच्या कामाची मजुरी आधी, नफ्याचा वाटा नंतर, आणि फुटलेल्या साच्याचा खर्च पेढीच्या खाती, असे स्पष्ट लिहिले गेले पाहिजे. निर्मळच्या खेळणी करणाऱ्यांनी १९५५ पासून सहकारी संस्थेचा मार्ग धरला. २००२ च्या कायदेदुरुस्तीनंतर उत्पादक कंपनीचाही मार्ग खुला झाला आहे. ह्या दोहोंत कारागीर मालक असतो आणि त्याची जबाबदारी मर्यादित राहते. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याने ते नाव कोणास विकता किंवा गहाण टाकता येत नाही, ही तरतूदही ध्यानी घेण्याजोगी आहे. नाव समाजाचे राहते. पैसा घालणाऱ्याने ते आपले मानू नये.

कलाप्रेमी मंडळींच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. त्यांच्यावाचून रस्त्यावरचे गिऱ्हाईक गावापर्यंत पोहोचणारही नाही. परंतु त्यांच्या उपक्रमाची परीक्षा दुकानातील मांडणीवरून करू नये; भट्टीपाशी पडलेल्या फुटक्या साच्यांचा हिशेब कोणाच्या वहीत लिहिला आहे, हे पाहावे. तो दोघांच्या वहीत असेल, तर पुढच्या खेपेस ओझांच्या घरून एखादी पातळ पात्याची, लांब हाताची, पूर्वी कोणी न केलेली वस्तूही येईल.