त्रिमितीय दंतप्रतिमा आणि मापनाची यथार्थता

1931 साली अमेरिकेत ब्रॉडबेंट व जर्मनीत होफ्राथ यांनी कवटीच्या क्ष-किरण चित्रणास प्रमाणबद्ध रूप दिले. तथापि त्रिमितीय अस्थी सपाट पटलावर उतरविताना प्रतिमा विवर्धित होई आणि उजव्या-डाव्या बाजू एकमेकींवर येत. 1998 मध्ये इटलीतील मोत्सो व त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्यांसाठी कोन-बीम सीटी हे यंत्र प्रसिद्ध केले, तेव्हा हे दोष बव्हंशी दूर झाले. परंतु तेवढ्यावरून पडद्यावरील अंतर म्हणजेच अस्थीतील अंतर, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो तपासून घ्यावयास हवा.

या विषयावरील कित्येक निबंधांत प्रतिमेवरील मापे आणि कॅलिपरने घेतलेली मापे यांचा सहसंबंध गुणांक देऊन यथार्थता सिद्ध झाली असे मानले जाते. हा तर्क सदोष आहे. प्रत्येक माप नेमके 1 मिमीने अधिक आले, तरी सहसंबंध पूर्णच राहील. ब्लँड व आल्टमन यांनी 1986 मध्येच हा भेद स्पष्ट केला होता: दोन मापे बरोबरीने वाढतात, एवढ्यावरून ती एकमेकांशी जुळतात असे ठरत नाही.

सरासरी फरकही तितकाच फसवा होय. समजा, सरासरी फरक शून्य आहे, परंतु फरकांचे प्रमाण विचलन 0.5 मिमी आहे. फरकांची विभागणी प्रसामान्य असेल, तर सुमारे 95 टक्के फरक उणे 1 ते अधिक 1 मिमी या मर्यादेत पडतील. खालच्या जबड्यात इम्प्लांट बसविताना मज्जातंतूच्या नलिकेपासून सामान्यतः 2 मिमी अंतर राखले जाते. त्यातील निम्मे केवळ मापनाच्या चुकीनेच खर्ची पडू शकते. शस्त्रक्रिया सरासरी रुग्णावर होत नसते; ओठाची संवेदना गमावण्याचा धोका एकेका रुग्णालाच असतो.

शिवाय अनेक प्रयोग कोरड्या कवट्यांवर होतात. कवटी हलत नाही, तिच्यावर मृदू ऊती नसतात, आणि मापनबिंदू पुष्कळदा धातूच्या गोळ्यांनी आधीच खुणावलेले असतात. जिवंत रुग्णाच्या बाबतीत बिंदू शोधण्यातच चूक संभवते. त्यात हालचाल व धातूच्या भरणांमुळे उमटणारे पट्टे यांची भर पडते. व्होक्सेल 0.2 मिमीचा असला, म्हणून 0.2 मिमीचा तपशील दिसेलच असे नव्हे. दातांच्या ओठाकडील अस्थिपटल अत्यंत पातळ असल्यास ते प्रतिमेतून नाहीसे होते, आणि मग जेथे अस्थी आहे तेथे ती नसल्याचे निदान होते.

तेव्हा या यंत्राचा त्याग करावा असे नाही. दावा पुराव्याच्या मापाचा असावा, एवढेच. संशोधकाने पद्धतशीर चूक, एकमताच्या मर्यादा, व्होक्सेलचे परिमाण व एकाच निरीक्षकाच्या पुनर्मापनातील फरक स्वतंत्रपणे नोंदवावेत. मुख्य म्हणजे चिकित्सेत किती चूक चालेल, हे मापनापूर्वीच ठरवावे. ती मर्यादा न सांगता 'यथार्थ' हे विशेषण लावणे म्हणजे गज न दाखविता कापडाची लांबी सांगण्यासारखे होय.