अमूर्त चित्र आणि यशाचा पुरावा

जबलपूर हे एकेकाळी तलावांचे शहर होते. त्यांतील अनेक तलाव बुजले आणि त्यांची नावे वस्त्यांना चिकटून राहिली. राणीताल राणी दुर्गावतीने बांधविला, आधारताल तिचा मंत्री आधारसिंह याने आणि चेरीताल तिच्या एका दासीने, अशी लोककथा आहे. याच चेरीताल वस्तीतील एका जुन्या मराठी घरात काही वर्षांपूर्वी मी एक वाद ऐकला. प्रस्तुत लेखाचे निमित्त तो वाद आहे.

घरातील वडीलधारे गृहस्थ शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. सारे त्यांना काका म्हणत. नोकरीच्या काळात आणि नंतरही, जवळजवळ तीस वर्षे, त्यांनी अमूर्त चित्रे रंगविली. ती कोणी विकत घेतली नाहीत. माळ्यावर आणि कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवलेले ते कॅनव्हास आता घराच्या वाटणीत अडचण ठरत होते. पुतण्याचे म्हणणे सरळ होते: “काका, ही चित्रं खरोखर चांगली असती, तर तीस वर्षांत एकाने तरी विचारलं असतं.” काकांनी उत्तर दिले, “गायतोंड्यांना तरी किती जण विचारत होते?” त्यावर पुतण्या म्हणाला, “म्हणूनच म्हणतो. आज विचारतात ना!”

या दोन वाक्यांत अमूर्त चित्रकलेविषयीच्या आपल्या बहुतेक मतभेदांचे सार आले आहे. एका पक्षाला वाटते की ज्या चित्रात ओळखू येण्याजोगे काही नाही, त्याची परीक्षा करणार कशी? तेव्हा बाजाराने दिलेला निर्वाळा तोच पुरावा. दुसऱ्या पक्षाला वाटते की बाजाराने नाकारलेला प्रत्येक चित्रकार हा उद्याचा गायतोंडे असू शकतो. तिसराही एक पक्ष आहे आणि मध्यमवर्गीय मराठी घरांत तोच संख्येने मोठा असावा. त्याच्या मते हा सारा व्यवहारच फसवणुकीचा. असले रंग कोणीही फासू शकतो. तिन्ही पक्ष एकमेकांचे कट्टर विरोधक दिसतात. परंतु एका गोष्टीत त्यांचे एकमत आहे. चित्राकडे प्रत्यक्ष पाहण्याची गरज तिघांपैकी कोणालाही वाटत नाही.

वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण यशाच्या चर्चेत वारंवार दिले जाते, म्हणून ते नीट तपासले पाहिजे. 1924 मध्ये नागपूरला जन्मलेले गायतोंडे 1948 मध्ये सर जे. जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले. 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले; 1971 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे ते हयातीत उपेक्षित होते हे विधान अर्धसत्य आहे. जाणकारांमध्ये त्यांचा मान होता. नव्हती ती बाजारातील मागणी आणि सार्वजनिक कीर्ती. दिल्लीत निजामुद्दीन येथील लहानशा जागेत ते एकान्तात राहिले आणि 2001 मध्ये वारले, तेव्हा त्या वार्तेने फारसा गलबला झाला नाही. पुढे 2013 मध्ये मुंबईतील लिलावात त्यांचे एक चित्र 23 कोटींहून अधिक रुपयांना विकले गेले, 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले आणि 2015 मध्ये दुसऱ्या चित्राला 29 कोटींच्या वर किंमत आली.

या चौदा-पंधरा वर्षांत चित्रे तर बदलली नव्हती. रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी रंगाचा थर द्यावा, काढावा, पुन्हा द्यावा, आणि त्या थरांतून एखादा आकार उजेडासारखा वर येऊ द्यावा, ही त्यांची रीत साठच्या दशकापासूनचीच. बदलली ती भोवतालची परिस्थिती. चित्रकार निवर्तल्यामुळे नवे चित्र येणे थांबले. मुळातच ते वर्षाला मोजकी चित्रे करीत. शिवाय भारतीय धनिकांच्या हाती नवा पैसा आला होता आणि परदेशी संग्रहालयाची मुद्रा उमटली होती. दुर्मिळता, संपत्ती आणि प्रतिष्ठा यांच्या या संयोगाने किंमत वाढली. ही कारणे खरी आहेत, पण त्यांपैकी एकही चित्राच्या चौकटीत सापडत नाही. म्हणून पुतण्याचे ‘आज विचारतात ना!’ हे वाक्य पुरावा म्हणून टिकत नाही.

परंतु काकांचाही युक्तिवाद टिकत नाही, हे तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे. गायतोंडे यांच्या शेजारी अंबादास यांना ठेवून पाहावे. ते अकोल्याचे, 1922 सालचे, तेही जे. जे.चे विद्यार्थी. स्वामिनाथन यांच्यासह ‘ग्रुप 1890’ या गटात ते होते. त्या गटाचे 1963 मधील दिल्लीचे प्रदर्शन भारतीय आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात नोंदले गेले आहे. 1972 मध्ये ते नॉर्वेला गेले आणि 2012 मध्ये ऑस्लो येथे वारले. वळणावळणाने वाहत जाणारा, स्वतःचाच माग काढणारा त्यांचा कुंचल्याचा फटकारा गायतोंडे यांच्या निश्चल पृष्ठभागापासून अगदी भिन्न आहे. तो स्वतंत्र प्रज्ञेचा आहे यात मला शंका नाही. तरीही गायतोंडे यांच्याप्रमाणे त्यांच्या नावाभोवती कोट्यवधींचे वलय निर्माण झाले नाही, आणि मराठी वाचकापाशी त्यांचे नाव क्वचितच पोहोचले. यावरून एवढेच सिद्ध होते की यशाचा अभाव गुणाचा अभाव दाखवीत नाही. यशाचा अभाव हाच गुण आहे, असे मात्र त्यातून निघत नाही. काका नेमकी हीच उडी घेत होते.

तिसरे उदाहरण जबलपूरच्या अधिक जवळचे आहे. सय्यद हैदर रझा यांचा जन्म 1922 चा, मंडला जिल्ह्यातील बाबरिया गावचा. ज्या नर्मदेकाठी त्यांचे बालपण गेले, तीच पुढे वाहत जबलपूरला येते. 1939 ते 1943 या काळात ते नागपूरला चित्रकला शिकले, तेथून मुंबईस आणि 1950 मध्ये पॅरिसला गेले. बालपणी शाळेतील गुरुजींनी भिंतीवर ठिपका काढून त्यावर चित्त एकाग्र करावयास सांगितले, ही आठवण ते सांगत. तो ठिपका उत्तरायुष्यात ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. रझा यांना हयातीतच विपुल यश मिळाले: 2010 मध्ये ‘सौराष्ट्र’ हे चित्र लंडनला 16 कोटींहून अधिक रुपयांना गेले, 2013 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 2016 मध्ये त्यांचे दफन त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यास झाले.

या यशाने त्यांच्या चित्राचे काय केले? येथे जाणकारांतही मतभेद आहेत. काहींना बिंदूची पुनरावृत्ती ही जपमाळेसारखी साधना वाटते; काहींना ती मागणीनुसार केलेली पुनरुक्ती वाटते. मला हे दोन्ही एकेका चित्रापुरते खरे वाटते. 1981 च्या ‘माँ’ या चित्रात काळा बिंदू, तप्त रंगांचे पट्टे आणि कवितेची एक हिंदी ओळ यांच्यात ताण आहे. तेथे बिंदू दूर राहिलेल्या भूमीचे ओझे वाहतो. नंतरच्या कित्येक चित्रांत तोच बिंदू नीटनेटका, समतोल आणि निश्चिंत झाला आहे. त्याला काही वाहावयाचे उरलेले नाही. बिंदूचा अर्थ तंत्रशास्त्रात मोठा आहे खरा; परंतु शास्त्रातील अर्थ चित्रात आपोआप उतरत नाही. प्रत्येक वेळी तो रंगाने नव्याने कमवावा लागतो.

रझा यांच्याच संदर्भातील एक प्रसंग आपल्या प्रश्नावर मोठाच प्रकाश टाकतो. 2009 च्या जानेवारीत दिल्लीतील एका प्रदर्शनात त्यांची म्हणून जुनी चित्रे मांडली होती. स्वतः रझा तेथे गेले आणि ही चित्रे आपली नाहीत असे त्यांनी सांगितले. प्रदर्शन बंद झाले. नाव, किंमत, प्रतिष्ठित दालन हे यशाचे सारे पुरावे त्या भिंतींवर हजर होते. गैरहजर होते ते फक्त चित्र. नावाकडे पाहणाऱ्यांना हे उमगले नाही, चित्राकडे पाहणाऱ्याला उमगले. तो पाहणारा स्वतः चित्रकार होता म्हणून ते सोपे गेले, असे कोणी म्हणेल. मान्य आहे. परंतु पाहण्याने काही कळू शकते एवढे तरी त्यातून ठरते, आणि ‘हे कोणीही फासू शकतो’ या तिसऱ्या पक्षाचे म्हणणे तेथेच लंगडे पडते. जे कोणीही करू शकतो, त्याची नक्कल नक्कल म्हणून ओळखता येणार नाही.

मग कसोटी कोणती? गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणे पसंत करीत. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. अमूर्तात मूर्त वस्तूचा अर्क काढलेला असतो. वस्तुनिरपेक्ष चित्र स्वतःच एक वस्तू असते. त्यामुळे त्याला ‘हे कशाचे?’ असे विचारण्याऐवजी ‘यातील कोणता भाग काढून घेतला तर उरलेले ढासळेल?’ असे विचारावे. ज्या चित्रात काहीही काढले, हलविले, तरी बिघडत नाही, ते सजावट होय. ही कसोटी निर्दोष नाही, परंतु ती पाहणाऱ्याला चित्रासमोर उभे करते. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ 1990 मध्ये प्रकाशित झाले, तेव्हा मराठीत असे उभे राहून विचार करण्याची भाषा उपलब्ध झाली होती. आपल्या समीक्षेने तिचा पुरेसा विनियोग केला नाही. चित्रांची वर्णने लिहिण्याऐवजी आपण चित्रकारांच्या विक्षिप्तपणाच्या कथा लिहिल्या, आणि लिलावाचे आकडे आले तेव्हा ते आकडे लिहिले.

चेरीतालच्या त्या घरात शेवटी काकांनी मलाच विचारले, “तू सांग, ही ठेवायची की नाही?” तेव्हा आम्ही सारे कॅनव्हास अंगणात आणून उन्हात मांडले. एकूण चाळीसच्या आसपास भरले. बहुतेकांत रझा यांची सावली होती; वर्तुळे होती, पण त्यांना कारण नव्हते. मी तसे सांगितले. काका गप्प राहिले. मात्र भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवरून सुचलेली तीन चित्रे वेगळी होती. त्यांत मळकट पांढऱ्यावर एक करडी उभी फट होती आणि ती किंचितही सरकली असती तर चित्र कोलमडले असते. पुतण्या त्यांच्यापुढे बराच वेळ थांबला. पैशाचे त्याने काही विचारले नाही, “ही फट नक्की कुठं संपते?” असे विचारले.

बाकीच्या चित्रांचे काय झाले, हा त्या कुटुंबाचा प्रश्न. तीस वर्षांत तीन चित्रे हे यश की अपयश, याचे उत्तर देण्यास मी असमर्थ आहे. कारण तो शब्दच त्या अंगणात अपुरा पडला. परंतु त्या तीन चित्रांविषयी मतभेद होऊ शकत होता, आणि तो मतभेद चित्राविषयी होता, एवढे मी निश्चितपणे सांगू शकतो.