‘होल्स’ : सुधारणेच्या नावाने खणलेले खड्डे

गुन्हेगार ठरविलेल्या मुलांना रानात, वाळवंटात नेऊन कष्टांतून सुधारायचे, ही शिबिरांची पद्धत अमेरिकेत जुनी आहे. निसर्ग आणि श्रम माणूस घडवितात, ही त्यामागची श्रद्धा. लुई सॅकर यांची ‘होल्स’ (१९९८) ही कुमारांसाठीची कादंबरी या श्रद्धेचीच झडती घेते.

टेक्सासमधल्या आटलेल्या तळ्यावर हे शिबिर आहे. न केलेल्या चोरीसाठी स्टॅन्ली हा गरीब गोरा मुलगा तेथे येतो. प्रत्येक मुलाने रोज पाच फूट खोल, पाच फूट रुंद खड्डा खणायचा. त्याने शील घडते म्हणे! कुंपण नाही, कारण आसपास कोठेच पाणी नाही. प्रत्यक्षात वॉर्डनबाईला पुरलेला खजिना हवा आहे. ‘सुधारणा’ म्हणजे फुकटची मजुरी, हे सॅकर निर्भीडपणे दाखवितात. तळे आटले तेही एका खुनानंतर. सॅम या काळ्या कांदेवाल्याने गोऱ्या शिक्षिकेचे चुंबन घेतले म्हणून त्याला मारण्यात आले. तेव्हापासून तेथे पाऊस नाही. हे प्रकरण आपल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

परंतु झिरोचे काय? हा बेघर काळा मुलगा निरक्षर आहे. अक्षरे शिकविण्याच्या बदल्यात तो रोज स्टॅन्लीच्या खड्ड्याचा काही भाग खणून देतो. गोरा बसतो आणि काळा राबतो, हा टोमणा शिबिरातलाच एक काळा मुलगा मारतो. लेखक तो ऐकवितो आणि पुढे मैत्रीच्या कथेत विरघळवून टाकतो. शिक्षण ज्याचा हक्क आहे, त्याने ते घाम गाळून विकत का घ्यावे, हा प्रश्न तसाच राहतो.

शेवटी खजिना सापडतो, पाऊस पडतो, झिरो सुटतो. पण न्याय मिळाला म्हणून नव्हे. तो मेला असे समजून शिबिराने त्याची कागदपत्रेच नष्ट केली होती म्हणून! या भयंकर विसंगतीवर कादंबरी क्षणभरही थांबत नाही.

वास्तवात असा पाऊस पडत नाही. २००६ साली फ्लोरिडातील लष्करी धर्तीच्या सुधारणा-शिबिरात मार्टिन ली अँडरसन या १४ वर्षांच्या काळ्या मुलाला पहिल्याच दिवशी रक्षकांनी मारले. दुसऱ्या दिवशी तो मेला. चित्रफीत उपलब्ध असूनही २००७ मध्ये ज्युरीने सर्व आरोपींना निर्दोष ठरविले.

आपल्याकडेही १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी सेटलमेंटच्या तारेआड त्यांना ‘सुधारण्यात’ आले. म्हणून ही कादंबरी आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती जरूर द्यावी. मात्र तिच्या सुखान्तापाशी त्यांना थांबू देऊ नये. गुन्हेगार कोण हे कोणी ठरविले, हे त्यांनी विचारले पाहिजे.