कुटुंबचित्रांतील पुराणपुरुष

मुलांसाठी पुराणकथा सौम्य करावी, हे आम्हांस मान्य आहे. पण तिचा गाभाच काढून टाकू नये. ग्रीक पुराणातील हर्क्युलीस उन्मादाच्या भरात स्वतःची मुले मारतो. त्याची बारा साहसे हे त्या पातकाचे प्रायश्चित्त होय. डिस्नेच्या १९९७ मधील चित्रपटात ते पातक गाळले असून, त्याचा द्वेष करणारी हेरा त्याची प्रेमळ माता झाली आहे. हा नायक शेवटी आत्मत्याग करतो खरा. पण पश्चात्ताप त्यास ठाऊकच नाही. उलट, प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाने राजाराणीचा विक्रय व स्मशान वगळले नाही. पुसदसारख्या गावी कीर्तनातही मुले हरिश्चंद्राचे हाल ऐकतच आली. मुले दुःख समजून घेतात. समजावणारे वडीलधारे मात्र शेजारी असावे.