कूटचलनाने कोणाचा उद्धार?

बिटकॉइनसारखी कूटचलने दलित-शोषितांना दारिद्र्यातून वर काढतील, असा विचार अलीकडे आग्रहाने मांडला जातो. बँकेने दाराबाहेर उभे केलेल्या माणसाला आता बँकच नको. मधला दलाल गेला की शोषणही जाईल, असा हा युक्तिवाद आहे. सावकार आणि बँक यांचा आपला अनुभव पाहता तो अनेकांना पटतो. म्हणूनच तो तपासून घेतला पाहिजे.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरने हा प्रयोग केला. नायिब बुकेले यांच्या सरकारने 7 सप्टेंबर 2021 पासून डॉलरच्या जोडीला बिटकॉइनही कायदेशीर चलन केले. बँकेत खाते नसलेल्या जनतेचे नाव पुढे करण्यात आले. मोबाईलवर 'चिवो' हे सरकारी पाकीट घेणाऱ्याला 30 डॉलर मिळाले. पुढे झालेल्या पाहणीत मात्र वेगळेच आढळले. ते 30 डॉलर खर्चून बहुतेकांनी पाकीट वापरणे सोडले होते. वापरत राहिले ते मुख्यतः तरुण, शिकलेले, बँकेत खाते असलेले पुरुष. ज्यांच्या नावाने योजना आली ते बाहेरच राहिले. नोव्हेंबर 2021 मध्ये सुमारे 69 हजार डॉलरवर गेलेले बिटकॉइन वर्षभरात 17 हजारांच्या खाली आले. नाणेनिधीशी झालेल्या कर्जकरारानंतर जानेवारी 2025 मध्ये ते स्वीकारण्याची सक्तीही कायद्यातून गेली.

भाव पडला तर शिल्लक असलेला माणूस थांबू शकतो. आजच्या मजुरीवर आजचे पीठमीठ आणणाऱ्याने कोठे थांबायचे? 1923 साली प्रसिद्ध झालेल्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न रुपयाला विचारला होता. घसरत्या रुपयातून निर्यातदाराला होणारा लाभ मजुराच्या खऱ्या मजुरीतून निघतो, हे त्यांनी दाखवून दिले. चलन छापण्यावर मर्यादा हवी, असे तेही म्हणत. बिटकॉइनची संख्या 2 कोटी 10 लाखांवर बांधलेली आहे म्हणून काही जण आज बाबासाहेबांचा दाखला देतील. परंतु मर्यादा हे त्यांचे साधन होते; रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहावी हा हेतू होता. नेमकी ती स्थिरता बिटकॉइनमध्ये नाही.

दुसरा प्रश्न पतीचा. कूटचलनाच्या बाजारात कर्ज हवे असेल तर बहुधा कर्जाहून अधिक किमतीचे कूटचलन आधी तारण ठेवावे लागते. ते ज्याच्यापाशी आहे तो दरिद्री कसला? आपल्या वाडवडिलांना नाणे नको होते असे नाही. त्यांना तारणावाचून कोणी उभे करीत नव्हते. हे नवे यंत्र तोच नियम पाळते. शिवाय पाकिटाची गुप्त किल्ली हरवली तर दाद मागायला कचेरी नाही, कोर्ट नाही.

दारिद्र्य हे जमीन, मजुरी, शिक्षण आणि पत यांच्या विषम वाटपातून आले आहे. त्या वाटपाला हात न लावता नुसते नाणे बदलू म्हणणाऱ्यांना आपण एवढेच विचारावे: भाव पडेल त्या दिवशी नुकसान कोण सोसणार?