खुर्चीवर कोण आणि खोलीबाहेर कोण: बॅटरी विकास केंद्राच्या संचालक मंडळाबद्दल

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, मुरबाड-शहापूरच्या माणसांना बॅटरी केंद्राच्या संचालक मंडळाशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे. आपल्या शहापूर तालुक्यात चोंढ्याला एक मोठी बॅटरीच आहे, फक्त ती पाण्याची आहे. घाटघरचा उदंचन प्रकल्प, २५० मेगावॉटचा. मागणी कमी असते तेव्हा ग्रिडची वीज घेऊन खालच्या धरणातलं पाणी डोंगरावर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. साठवण म्हणतात ती हीच. लिथियमची बॅटरी हेच काम खोलीएवढ्या जागेत करते.

दुसरं म्हणजे, वीज कुणासाठी आणि तिचा निर्णय कुणाचा, हा प्रश्न सिद्धगडच्या रानाला नवा नाही. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्यानं १९४२ साली विजेचे मनोरे पाडले, कारण त्या तारा डोंगरातून निघून थेट मुंबईला जात होत्या. २ जानेवारी १९४३ ला कोतवाल आणि हिराजी पाटील याच सिद्धगडावर गेले. त्या इतिहासात मी आज शिरत नाही, तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तर मुद्द्यावर येऊ. बॅटरीचं 'विकास केंद्र' म्हणजे ना प्रयोगशाळा, ना कारखाना. प्रयोगशाळेत नाण्याएवढा सेल बनतो, तो हजार वेळा चार्ज होतो, शोधनिबंध छापून येतो. पुढं तोच सेल कारखान्यात लाखोंनी बनवायला गेलं की गाडी अडते. तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर रसायनाचा लेप द्यायचा, वाळवायचा, रुळांखाली दाबायचा, कापायचा, गुंडाळायचा, द्रव भरायचा, आणि मग पहिलं चार्जिंग करून काही दिवस कपाटात ठेवून पाहायचं. यातली बरीच कामं अगदी कोरड्या खोलीत करावी लागतात. आपल्याकडच्या श्रावणात ती खोली कोरडी ठेवायचं बिल काय येईल, याचा हिशेब कुणीतरी आधीच केलेला बरा! ही यंत्रं प्रत्येक लहान कंपनीला परवडत नाहीत. म्हणून सरकारनं किंवा उद्योगानं मिळून एक सामायिक ठिकाण उभारायचं, आणि सगळ्यांनी तिथं येऊन आपली रेसिपी मोठ्या प्रमाणावर करून पाहायची. हे झालं विकास केंद्र.

आता बघा, एकाच लेपाच्या यंत्रावर सोमवारी एक कंपनी आणि गुरुवारी तिची प्रतिस्पर्धी. रुळांमधली फट किती ठेवली, पत्रा किती वेगानं फिरवला, वाफ किती अंशांवर काढली, यातच धंद्याचं गुपित असतं. यंत्र आधी कुणाला द्यायचं? दर काय लावायचा? कुणाचा प्रयोग फसला तर ती माहिती केंद्राची की कंपनीची? फसतोय हे दिसत असताना पैसे ओतणं कधी थांबवायचं? हे प्रश्न यंत्रावरचा माणूस सोडवू शकत नाही. ते संचालक मंडळाचे प्रश्न आहेत. आणि माझी तक्रार अशी, की आपल्याकडे अशा संस्थांची चर्चा होते तेव्हा जमीन, कोटींचा आकडा आणि कोनशिलेवरचं नाव यावरच ती संपते. मंडळाबद्दल कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रात या जातीची जवळची संस्था कोणती? सेल बनवण्याच्या साहित्यावर पुण्यात पाषाणच्या बाजूला सी-मेट काम करते, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसर आहे. पण उद्योग आणि सरकार एकाच टेबलाशी बसतात अशी जुनी संस्था म्हणजे कोथरूडच्या टेकडीवरची एआरएआय, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. १९६६ साली वाहन उद्योगानं सरकारसोबत ती काढली. ती सेल बनवत नाही, पण गाडीतली बॅटरी सुरक्षित आहे की नाही, याची चाचणी करणाऱ्या मान्य संस्थांपैकी ती एक आहे. उद्या राज्यात बॅटरी केंद्र निघालं, तर त्याची घडी याच नमुन्यावर बसवली जाईल, म्हणून हा नमुना नीट पाहू.

एआरएआयचे सभासद कोण? वाहन आणि सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या. नियामक मंडळावर उद्योगातली माणसं, शेजारी सरकारचे प्रतिनिधी. अध्यक्षपद वाहन कंपन्यांतल्या ज्येष्ठ मंडळींकडे येत आलंय. चाचणीची फी त्याच कंपन्या भरतात. आणि वाहनांची मानकं ठरवणाऱ्या समितीचं, एआयएससीचं, सचिवालयही तिथंच. म्हणजे ज्यांची तपासणी व्हायची ते मंडळावर, तपासणारी संस्था त्यांच्या फीवर, आणि तपासणीच्या नियमांची कच्ची पानंही त्याच छताखाली. कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाहीये. एआरएआयमधल्या अभियंत्यांचं काम देशात मानलं जातं आणि ते योग्यच आहे. मला रचनेबद्दल बोलायचंय.

रचनेची परीक्षा २०२२ साली झाली. मार्चमध्ये पुण्यात लोहगावला एक इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्यावर पेटली. त्याच सुमारास वेल्लोरला अशाच आगीत बाप आणि लेक गेले. सरकारनं तज्ज्ञ समिती नेमली आणि तिचं प्रमुखपद हैदराबादच्या एआरसीआय या संशोधन संस्थेचे संचालक टाटा नरसिंग राव यांच्याकडे दिलं. त्यानंतर एआयएस-१५६ हे मानक कडक झालं. सेलपासून सेलकडे आग पसरणं, बॅटरीची नियंत्रण यंत्रणा, कारखान्यातली गुणवत्ता तपासणी, हे सगळं त्यात आलं. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून, दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. मला इथं एवढंच दिसतं, की अडचणीचा प्रश्न आला तेव्हा अध्यक्ष बाहेरून आणावा लागला. आग लागल्यावर जे शहाणपण सुचलं ते मंडळाच्या रचनेत आधीपासून का नसावं?

इथं कायद्याचा थोडा कंटाळवाणा भाग आहे, पण खरी गोम तिथंच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं १८४ वं कलम सांगतं, की संचालकानं आपले हितसंबंध कुठं आहेत ते मंडळासमोर जाहीर करावं, आणि ज्या विषयात त्याचा संबंध आहे त्या चर्चेत भाग घेऊ नये. आपल्या बहुतेक संशोधन संस्था मात्र कंपन्या नाहीत. त्या १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवलेल्या आहेत. १८५७ चं बंड होऊन तीन वर्षं झाली होती तेव्हाचा हा कायदा. साहित्य मंडळं, वाचनालयं, धर्मादाय संस्था डोळ्यासमोर ठेवून केलेला. दर वर्षी कार्यकारी मंडळाची यादी निबंधकाकडे द्या, असं तो सांगतो. हितसंबंधाबद्दल तो गप्प आहे. ते ज्या त्या संस्थेच्या नियमावलीवर सोडलंय. त्यामुळे एखाद्या मध्यम कंपनीच्या संचालकाला जे बंधन आहे, ते कोट्यवधींची सरकारी यंत्रं सांभाळणाऱ्या सोसायटीच्या सदस्याला कायद्यानं नाही. नियमावलीत असेल तर आहे.

दुसरी आपली खोड म्हणजे पदसिद्ध सदस्य. सीएसआयआरच्या सोसायटीचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. तिथं रोजचा कारभार महासंचालक आणि नियामक मंडळ पाहतं, म्हणून ते चालतं. पण हीच पद्धत खाली झिरपते. एखाद्या केंद्राच्या मंडळावर सचिव, सहसचिव, विद्यापीठाचे कुलगुरू, असे पदानं आलेले सदस्य. सचिवांची बदली झाली की नवीन सचिव. त्यांना पहिल्या बैठकीत फाईल समजते, दुसऱ्या बैठकीला ते नसतात. आणि अध्यक्ष इतका मोठा, की "साहेब, हा प्रयोग बंद करा, पैसे बुडतायत" असं म्हणायची कुणाची छाती होत नाही. बॅटरीचं रसायन तर चार-पाच वर्षांत बदलतं. निकेल-कोबाल्टवर पैज लावावी तर बाजार लोह-फॉस्फेटकडे वळतो, तोवर सोडियम दारात उभा. ज्या मंडळाला थांबवता येत नाही त्याच्या हातात असं केंद्र देणं म्हणजे ब्रेक नसलेली एसटी माळशेज घाटात सोडणं.

बाहेर सगळं आलबेल आहे असंही नाही. जर्मनीनं २०१९ मध्ये बॅटरी सेलच्या संशोधन-उत्पादनाचं केंद्र कुठं उभारायचं ते ठरवलं. केंद्र सरकारचे सुमारे ५० कोटी युरो त्यात जायचे होते. उल्म, कार्ल्सरूहे, साल्झगिटर अशी तगडी शहरं रांगेत. निवड झाली म्युन्स्टरची. तेव्हाच्या संशोधनमंत्री आन्या कार्लिचेक यांचा मतदारसंघ त्याच्या शेजारी, आणि जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापराचा भाग ज्या इबेनब्युरेन गावाला जायचा होता ते गाव तर थेट त्यांच्या मतदारसंघातलं. निर्णयात माझा हात नव्हता, असं त्या म्हणाल्या. इतर राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर तक्रार केली, तिथल्या केंद्रीय लेखापरीक्षकांनीही निवडीच्या पद्धतीवर बोट ठेवलं. म्युन्स्टरमध्ये बॅटरीचं संशोधन चांगलंच आहे, निवड कदाचित गुणवत्तेवरही झाली असेल. पण कुणाला किती गुण आणि का, हे कागदावर स्वच्छ नव्हतं, म्हणून त्या केंद्राची पहिली काही वर्षं तंत्रज्ञानापेक्षा खुलाशांत जास्त गेली. कारखाना आपल्याच मतदारसंघात, ही गोष्ट ऐकून तुम्ही हसताय. हसा, आपल्याला ती नवी नाही.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ २०२१ साली असंच केंद्र सुरू झालं, सुमारे १३ कोटी पौंडांचं. पालिका, वॉरिक विद्यापीठाचा विभाग आणि स्थानिक उद्योग भागीदारी यांनी मिळून ते मिळवलं. तिथली चूक मला जास्त शिकवणारी वाटते, कारण तीत राजकारण नाही. यंत्रांची ओळ इतकी मोठी घेतली, की लहान कंपनीला ती भरायलाच भरपूर माल आणावा लागे. प्रयोग करायला आलेल्यालाच ती परवडेना. पुढं लहान, लवचीक अशी दुसरी ओळ घालावी लागली. मंडळावर जर एखादा पाच-दहा माणसांची कंपनी चालवणारा बसला असता, तर यंत्राची ऑर्डर जाण्याआधीच त्यानं विचारलं असतं: "माझ्याकडे एवढं पावडर कुठून येणार?"

आपल्याकडे तर उलट क्रम लागला. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये १८,१०० कोटींची, ५० गिगावॉट-तासांची सेल उत्पादन योजना मंजूर केली. बोली लागल्या, मोठी नावं आली, आणि मुदतीत कारखाने उभे राहिले नाहीत. कारणं बरीच आहेत, परदेशी यंत्रं, परदेशी तंत्रज्ञ, व्हिसा. पण लहान ओळीवर हात बसवायची सामायिक जागा आधी असती, तर काही अडचणी तिथंच कळल्या असत्या.

मग चांगला नमुना कुठं? माझ्या मते एक अर्धा नमुना घरातच आहे, ऊसवाल्यांचा. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांनी काढली. तिला कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे एक रुपया मिळतो. याचा अर्थ लक्षात घ्या. जो कारखाना सल्ला घेतो तो त्या सल्ल्यापुरते पैसे देऊन संस्थेला बांधून ठेवत नाही. सगळे थोडं थोडं देतात, म्हणून संस्थेला एखाद्याला "तुमची पद्धत चुकतेय" म्हणता येतं. फी आणि पगार यांच्यामध्ये तेवढं अंतर पडतं. अर्धा नमुना अशासाठी म्हणतो, की अध्यक्षपद अनेक वर्षं शरद पवारांकडे आहे, मंडळावर राज्याचं साखर राजकारण बसतं, आणि मंडळ बदलतं कसं हे शिकायला तिथं जाऊ नये. पण पैशाची वाट शिकण्यासारखी आहे. सेल बनवणाऱ्या प्रत्येकानं दर किलोवॉट-तासामागे काही पैसे दिले, तर केंद्राला एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

आणि अध्यक्ष असा हवा, ज्याला त्या केंद्राकडून ना सेल घ्यायचाय ना त्याला यंत्र विकायचंय. कंपन्यांची माणसं मंडळावर हवीतच, त्यांच्याशिवाय केंद्र आंधळं होईल. पण त्यांच्या कंपनीचा विषय निघाला की त्यांनी खोलीबाहेर जावं, आणि कोण किती वाजता बाहेर गेलं ते इतिवृत्तात लिहावं. कोरड्या खोलीत आठ तास काढणाऱ्या तंत्रज्ञाला एक खुर्ची द्या. आग, गळती, खराब लेप, पहिल्यांदा त्यालाच दिसतं. आपल्याकडे आयटीआय झालेला मुलगा कंत्राटावर येतो, अकरा महिन्यांनी जातो, त्याला दिसलेलं त्याच्याबरोबर जातं.

आता हे मुरबाडात का सांगितलं? आपल्याकडे एमआयडीसी आहे, महामार्ग आहे, अंबरनाथला नौदलाच्या साहित्यावर काम करणारी आणि पाणबुडीसाठी फ्युएल सेल विकसित केलेली प्रयोगशाळा आहे. उद्या कुणी इथं बॅटरी केंद्र आणलं तर ग्रामसभेत पहिला प्रश्न येईल, नोकऱ्या किती? तो विचाराच. पण त्याच बैठकीत संस्थेची नियमावली मागा. कंपनी आहे की सोसायटी, ते बघा. हितसंबंध जाहीर करण्याचं कलम आहे का, ते शोधा. चार्जिंगच्या कपाटांमध्ये रात्री दोन वाजता आग लागली तर ओळ बंद करायचा अधिकार पाळीवरच्या माणसाला आहे की मुंबईला फोन करावा लागतो, ते विचारा. त्या आगीवर मारलेलं दूषित पाणी ओढ्यात जाणार की टाकीत, आणि टाकी किती लिटरची, ते लिहून घ्या.

मी इथं थांबतो. प्रश्न असतील ते घेऊ.