वळण न पाहिलेले ड्रायव्हर

२०२५च्या नोव्हेंबरात सांगली जिल्ह्यात बोरगावला ‘श्रीनाथ केसरी’ हे बैलगाड्यांचं मैदान झालं. पहिल्या बक्षिसाला फॉर्च्युनर होती. ती नेणाऱ्या जोडीची नावं, हेलिकॉप्टर बैज्या आणि ब्रेक फेल, आमच्या कुरुंदवाडातली शाळकरी पोरंही झोपेतून उठवलं तरी सांगतील. मालक कोण, बैल कुणाच्या दावणीचा, कितीला मागितला होता, हेही सांगतील. गाडीवर कोण बसला होता ते मात्र विचारू नका. त्या आधी २०२३मध्ये भाळवणीच्या ‘रुस्तम-ए-हिंद’ मैदानात बकासुर आणि महिब्यानं थार नेली, तेव्हाही हेच झालं. बकासुराचे चाहते आहेत, टी-शर्ट आहेत, गाणी आहेत. कासरा धरणारा माणूस गाण्यात नाही.

यावर हल्ली एक गळेकाढू सूर निघाला आहे. त्या सुरानं डोकं उठवलं म्हणून हा लेख. सूर असा: बिचारा ड्रायव्हर जिवावर उदार होतो, बरगड्या मोडून घेतो, आणि चावी मालकाच्या खिशात जाते. त्याला त्याची जागा द्या, त्याच्यावर अन्याय होतोय. यातलं बरगड्यांचं आणि चावीचं खरं आहे. बाकीचं तपासून घ्यायला हवं. ज्यांना जागा द्यायची त्यांनी ती कमावली आहे का, हे कुणी विचारतच नाही. माझ्या मते आज नाव झालेल्या बहुतेक ड्रायव्हरांनी ती कमावलेली नाही. चूक सगळी त्यांची नाही, तो भाग पुढं येईलच.

आधी कला म्हणजे काय ते ठरवू. शिरोळ, हातकणंगले आणि सीमेपलीकडं चिक्कोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यात जी ‘जनरल’ पळते, तिला मी बैलगाडी शर्यत म्हणतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधून गाडीवाट, जायचं आणि फिरून यायचं. अंतर लांब असल्यानं पहिल्या झटक्यात सगळा दम काढून घेतलेली जोडी परतीला पाय ओढते. म्हणून चांगला गाडीवान सुरुवातीला मागं राहतो. बघणाऱ्यांच्या शिव्या खातो. पुढच्या गाडीची धूळ अंगावर घेत, आपल्या बैलांचा श्वास ऐकत तो कासरा मुठीत तोलून धरतो. कोणता बैल ओढतोय आणि कोणता जूवर नुसता धावतोय, हे त्याला जूच्या कलावरून कळतं. ओढणारा आधी थकणार, म्हणून त्याला जरा उसंत द्यायची आणि दुसऱ्याला कामाला लावायचं. हे सगळं पळत्या गाडीवर, एका दांडीवर तोल सांभाळत.

आणि मग वळण येतं. शर्यत तिथं होते, बाकी सगळी वाट त्याची तयारी. वळणावर आतला बैल आखडता घ्यायचा, बाहेरचा मोकळा सोडायचा, तेही एकाच क्षणी. आतला जास्त आवळला तर तो थांबतो आणि बाहेरचा त्याच्या अंगावर येतो. कमी आवळला तर गाडी रुंद फिरते आणि मागचा आतून घुसतो. चाक एका बाजूला उचललं की माणसानं आपलं वजन दुसरीकडं टाकायचं. तिथं चाबकाला काही काम नसतं. वळणावर मारलेला बैल सरळ पळतो, म्हणजे उसात जातो. जनरलचा गाडीवान ओळखायचा असेल तर फज्जावर उभं राहू नका, वळणावर जा. तिथं उभे राहणारे बहुतेक म्हातारे असतात, आणि त्यांना बैलाच्या आधी गाडीवानाचं नाव आठवतं.

आता सरळ मैदान घ्या. सातारा, सांगलीकडून आलेली ही तऱ्हा गेल्या चार वर्षांत सगळीकडं पसरली. नांगरून, रोलर फिरवून केलेल्या फाट्या, गट, सेमी, फायनल, झेंडा, वर ड्रोन. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतलं मैदान याचं मोठं पीठ. बैल तिथंही देखणे पळतात, ते मान्य. खिल्लार सुटल्यावर कुणाच्याही अंगावर काटा येईल. पण गाडीवरचा माणूस काय करतो? सुटताना बैल धरून ठेवणारे वेगळे असतात. सुटल्यावर वाट आखलेली असते. वळण नाही, दम राखायचा नाही, मागं राहायची मुभा नाही. जे आहे ते काही सेकंदांत काढायचं, म्हणजे ओरडायचं, शेपटी पिरगाळायची आणि पंचाची नजर चुकवून हातात काही असेल तर ते वापरायचं. मग थांबत नसलेल्या जोडीवरून उडी टाकायची. या उडीला आता धाडस म्हणतात. ती थरारक आहेच, पण गाडी हाकता येण्याचा तो पुरावा नव्हे.

बाकी तऱ्हांवर फार वेळ घालवत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या घाटातली बारी ही घड्याळाची आणि पुढच्या घोडीची शर्यत, तिथं हाकणाऱ्याचा प्रश्नच निकालात निघतो. विदर्भातला शंकरपट यात्रेला शोभा आणतो. घोडागाडी डांबरी रस्त्यावर घोड्याचे खूर फोडते, तिला कला म्हणणाऱ्यानं आधी नालबंदाशी बोलावं. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत निदान वल्हं कुणाच्या हातात आहे ते दिसतं.

जागा कमावण्याचा प्रश्न बैलगाडीपुरता नाही. कोल्हापुरात चारचाकींचीही शर्यत आहे, मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे. इथला कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला-३पर्यंत पोचला. टायर, इंजिन, प्रवास, सगळं पैशावर चालणारा खेळ, त्यामुळं ‘पोरानं जागा विकत घेतली’ असं म्हणायला लोक टपलेले असतात. मी त्यांच्यात नाही. पैशानं ट्रॅकवर जाता येतं, पण कोपऱ्यावर ब्रेक कधी सोडायचा ते पैसा सांगत नाही, आणि घड्याळ आडनाव वाचत नाही.

अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींत हाच वाद चालू आहे, म्हणून थोडं तिकडं बघू. १९४८ साली नॅस्कार ही त्या शर्यतींची संस्था स्थापन झाली तेव्हा तिथले कित्येक चालक डोंगरातली चोरटी दारू पोलिसांना चुकवत वाहून नेणारे होते. ज्युनिअर जॉन्सन त्यातलाच. बापाच्या भट्टीवर सापडून तुरुंगात जाऊन आला आणि नंतर ५० शर्यती जिंकला. रिचर्ड पेटीनं २०० जिंकल्या. जुने रसिक म्हणतात, ही माणसं रस्त्यावर शिकली, आजची पोरं प्रायोजक घेऊन येतात. त्यातच २०२२पासून गाड्याही एकसारख्या, ठरावीक पुरवठादारांच्या सुट्या भागांच्या झाल्या. तक्रारीत तथ्य आहे, पण तिथं एक गोष्ट वेगळी घडली. २००१मध्ये डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट गेला. सात वेळचा मालिका-विजेता. त्यानंतर चालकाची मान सांभाळणारं साधन सक्तीचं झालं, भिंती धक्का शोषणाऱ्या झाल्या. तेव्हापासून त्यांच्या मुख्य मालिकेत शर्यतीदरम्यान एकही चालक मेलेला नाही. पुढं २०२२मध्ये नव्या गाडीत डोक्याला मार बसून कर्ट बुशची कारकीर्द संपली, तेव्हा गाडीचा मागचा भाग फार कडक आहे म्हणून ओरड झाली आणि तो बदलला. तिथल्या सहानुभूतीनं भिंत बदलली. आमची सहानुभूती मोबाइलच्या स्टेटसवर हात जोडलेलं चित्र टाकते आणि पुढच्या रविवारचं मैदान ठरवते.

आता चूक सगळी आमच्या ड्रायव्हरांची का नाही, ते. २०११ला केंद्रानं बैलाला प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत घातलं. ७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. २०१७ला राज्यानं कायदा केला, तोही उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षं शर्यत पूर्ण मेली होती असं नाही. पहाटे, आडवाटेला, पोलिसांना चुकवून ती पळतच होती. २०२१च्या ऑगस्टमध्ये आटपाडी तालुक्यात झरे परिसरात तर आमदारानं जाहीर करून पळवली. पण चोरून पळणाऱ्या शर्यतीत शिकवणी होत नाही. पोलीस यायच्या आत उरकायचं असेल तर लांब वाट आणि वळण कोण ठेवणार? सरळ रान, दोन गाड्या, झेंडा, पसार. शिकाऊ पोरानं जुन्या गाडीवानामागं गाडीवर बसायचं, आधी नुसतं बघायचं, मग परतीला कासरा हातात घ्यायचा, ही साखळी तुटली. २०२१नंतर मैदानं खुली झाली तेव्हा हाकणाऱ्यांची एक पिढी वळण न बघता तयार झाली होती. त्यांच्याकडं वेग होता, कॅमेरा होता, गुरू नव्हता.

इथवर मी त्यांच्या बाजूनं आहे. गुरू मिळाला नाही म्हणून कोणी कच्चा राहिला तर त्याला वेळ द्यावा. पण चार वर्षं झाली. ज्यांना शिकायचं होतं त्यांच्यासाठी गावोगावचे म्हातारे होतेच. या हंगामातही डिसेंबरात शिरोळच्या दत्त कारखान्याच्या वाटेवर जा. बीडकडून आलेले ऊसतोडे टायरगाडीत उसाच्या अवजड मोळ्या भरून, अंधारात, खड्ड्यातून, उतारावर जोडी सांभाळत नेतात. उतारावर मागचं ओझं बैलांच्या मानेवर येतं, तिथं गाडी पेलून धरणं ही त्यांची रोजची परीक्षा. त्यांचा फ्लेक्स लागत नाही, त्यांच्या नावानं कुणी गळाही काढत नाही. मैदानातल्या ड्रायव्हरांपैकी किती जण त्यांच्याशेजारी बसून काही शिकले?

वळण हरवायला कायद्यानंही हातभार लावला, हेतू चांगला असूनही. नियमात धावण्याचं अंतर एक हजार मीटरच्या आत बांधलं आहे. चाबूक, काठी, टोचणी, विजेचा झटका यांना मनाई, पशुवैद्यकाची तपासणी सक्तीची. मनाईचं मी स्वागतच करतो, ती अजून कडक हवी. पण अंतर बांधताना कायद्यानं नकळत तोच प्रकार वाचवला ज्यात मारलं तर फायदा होतो. तोकड्या सरळ धावेत बैलाचा दम राखायला बक्षीस नाही, त्याला चिथवायला आहे. जनरलमध्ये बैलाला मारणारा परतीला हरतो. माझ्यावर आक्षेप येईल की लांब पळवून बैल मारायचे का. अजिबात नाही. दमलेला बैल जबरीनं पळवणाऱ्यावर गुन्हा दाखल करा, वाटेत तपासणी ठेवा, अंतर हजार मीटरच राहू द्या. पण त्या हजारात वळण घालता येतं की नाही? पाचशेवर खांब रोवा आणि परत या. एवढं कुणीच का करत नाही? कारण खांबाला वळसा घालताना ड्रोनला सरळ रेषा मिळत नाही, फाट्या एकमेकींत मिसळतात आणि बरेच नामवंत ड्रायव्हर तिथं उसात जातील.

परंपरेचं नाव घेऊन मला गप्प करू नका. ग्रेट इंडियन सर्कस काढणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांची नोकरी आधी कुरुंदवाडकरांच्या पागेत होती असं सांगतात. १८८०ला त्यांची सर्कस उभी राहिली तेव्हा लोक घोडा बघायला जायचे आणि छत्र्यांचं नाव घेऊन परतायचे. जनावर शिकवणाऱ्याला त्या काळीही कुणी फुकट मान दिला नव्हता. जनावराकडून मारहाणीविना काम करून घेता येतं, हे त्यानं लोकांपुढं रोज करून दाखवायचं असायचं.

मालकांनाही सोडत नाही. फॉर्च्युनरची चावी घेताना हात पुढं करणाऱ्यानं आपल्या ड्रायव्हरचा अपघात विमा काढला आहे का, डोक्यावर हेल्मेट घातलं आहे का, हे आयोजकानं मंचावरच विचारावं. पण ड्रायव्हरनंही उत्तर द्यावं. हजेरीवर बसून, मालक म्हणेल तसा बैल झोडून, मग ‘आमच्यावर अन्याय’ म्हणणाऱ्याला माझी सहानुभूती कशी मिळेल? गाडीवर बसायचं त्यानं स्वतः ठरवलं. शेपटी पिरगाळून घेणाऱ्याला तेवढीही निवड नव्हती. माझ्याकडं जी काय सहानुभूती आहे ती आधी त्याच्या वाट्याची.

येत्या यात्रांच्या हंगामात शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या कमिटीनं एकच गट असा ठेवावा: हातात कासऱ्याशिवाय काही नाही, शेपटीला हात लागला की गाडी बाद, पाचशे मीटरवर खांब, वळसा घालून परत. बक्षिसाचा ठरलेला वाटा गाडीवानाच्या खात्यावर, आणि फ्लेक्सवर त्याचं नाव बैलांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत. नामवंत ड्रायव्हरांना रीतसर आमंत्रण द्यावं. जे येतील त्यांच्या अन्यायाबद्दल मी पुढचा लेख लिहीन.